परभाषेतील दिग्दर्शन : विजया मेहता यांचे जर्मनीतील नाट्यकार्य

आपल्या रंगभूमीच्या इतिहासात परदेशगमन हे बहुधा विद्यार्जनासाठी झालेले दिसते. पुण्यात 1925 साली जन्मलेले इब्राहिम अल्काझी लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आले व तेथील शिस्त त्यांनी मुंबईच्या तरुण नटांना दिली. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विजया मेहता यांनी मात्र पुढे उलट दिशेचा प्रवास केला. त्या परदेशी नटांना शिकविण्यासाठी गेल्या. ज्या भाषेत आपण वाढलो नाही त्या भाषेतील नाटकाचे दिग्दर्शन करावयाचे, तर दिग्दर्शकाच्या हाती नेमके काय उरते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

विजयाबाईंचा जन्म 1934 साली बडोद्यास झाला. 1960 साली स्थापन झालेल्या ‘रंगायन’च्या द्वारे त्यांनी मराठीत प्रायोगिक नाटकाला स्थिर पाया दिला. वायमारच्या जर्मन राष्ट्रीय रंगभूमीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ 1970 साली दिल्लीस ब्रेख्त बसविण्यासाठी आले. पुढे मुंबईत ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या, चिं. त्र्यं. खानोलकरांनी रूपांतरित केलेल्या ब्रेख्तच्या नाटकाच्या निमित्ताने त्यांचे व बाईंचे सहकार्य जुळले. ब्रेख्तची कथनपद्धती आणि आपल्या लोकनाट्यातील सूत्रधार यांत नाते आहे, ही जाणीव या सहकार्याच्या मुळाशी होती.

यानंतर तत्कालीन पूर्व जर्मनीत बाईंनी जर्मन नटांना घेऊन ‘मुद्राराक्षस’, 1980 साली लाइप्झिग येथे ‘शाकुंतल’ आणि 1984 साली वायमार येथे गिरीश कार्नाड यांचे ‘हयवदन’ ही नाटके बसविली.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने यांतील ‘शाकुंतल’ विशेष विचारार्ह आहे. मूळ नाटक एका भाषेतले नाहीच. राजा संस्कृत बोलतो. शकुंतला, तिच्या सख्या व विदूषक प्राकृत बोलतात. कोळ्याची बोली आणखी निराळी. पात्राचा दर्जा व त्याचे इतरांशी असलेले अंतर श्रोत्याला कानानेच कळते. जर्मन अनुवादात हा भेद उरत नाही. मग तो चालीत, उभे राहण्याच्या ढबीत, दोन पात्रांमधील जागेत शोधावा लागतो. म्हणजे जे काम भाषा करीत होती ते देहाकडे सोपवावे लागते. परभाषेतील दिग्दर्शकाची खरी कसोटी येथेच लागते, असे मला वाटते.

‘हयवदन’चा प्रवास तर अधिकच बोधप्रद आहे. वेतालकथेतील मस्तकांच्या अदलाबदलीची कथा हाइन्रिख त्सिमर या भारतविद्यापंडिताच्या द्वारे टोमास मान याच्याकडे गेली व 1940 साली त्याने तिच्यावर कादंबरिका लिहिली. तिच्या आधारे कार्नाडांनी कन्नड नाटक रचले. तेच नाटक, भागवत, मुखवटे व अर्धा पडदा यांसह, मराठी दिग्दर्शिकेच्या हातून पुन्हा जर्मन भाषेत गेले. मानच्या वाचकांना कथा परिचित होती. तिची रंगरीती मात्र नवी होती.

तथापि या यशाचे सर्व श्रेय एका व्यक्तीस देणे इतिहासाला धरून होणार नाही. गेओर्ग फोर्स्टरने 1791 साली ‘शाकुंतल’ जर्मनमध्ये आणले, गटेने त्याची स्तुती केली. ‘फाउस्ट’च्या नाट्यप्रवेशिकेवर त्याची छाया आहे, असे अभ्यासक मानतात. गटे त्याच वर्षापासून वायमारच्या नाट्यगृहाचा चालक होता. बाईंना मिळालेली भूमी अशी दोनशे वर्षे नांगरलेली होती. शिवाय तेथील नाट्यगृहांना शासनाचा आश्रय होता. दीर्घ तालमी व कायमचा नटसंच ही आपल्याकडे दुर्मिळ असलेली साधने त्या आश्रयामुळेच उपलब्ध होती. 1990 साली ते राज्यच लयास गेले.

बाईंनी ‘झिम्मा’ (2012) या आत्मचरित्रात आपला नाट्यप्रवास सांगितला आहे. परंतु आत्मकथन हे इतिहासाचे एक साधन होय, इतिहास नव्हे. त्या प्रयोगांच्या संहिता, छायाचित्रे व तेथील समीक्षा मराठीच्या अभ्यासकाने मुळातून पाहणे अगत्याचे आहे; त्यासाठी जर्मन शिकावी लागेल. मुलुंडच्या नाट्यमंदिराला आपण कालिदासाचे नाव दिले आहे. त्याच कालिदासाला लाइप्झिगच्या नटांपर्यंत नेताना एका मराठी दिग्दर्शिकेने काय राखले आणि काय सोडले, याचा शोध घेण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी अंगावर घ्यावे.