खबर आणि हुकूम

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. परंतु संकटाची खबर प्रथम कोणास लागली आणि ती लागल्यावर त्याने काय केले, याची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक माणसांचे जगणे-मरणे पुष्कळदा याच एका गोष्टीवर ठरते. आमच्या मारेगावातील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "गुरुजी, आपत्ती नियंत्रण कक्ष म्हणजे नुसते फोनजवळ बसायचे ना?" प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून मिळविले आहे.

१२ जुलै १९६१. पुण्याजवळचे पानशेतचे मातीचे धरण, काम पुरते झाले नसतानाच, तुडुंब भरले होते. खचू लागलेला बांध सावरण्यासाठी लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचीत होते. म्हणजे संकट कोणास ठाऊक नव्हते असे नव्हे! धरणावर माणसे जागी होती. शहर मात्र नेहमीसारखे उठून आपल्या कामाला लागले. सकाळी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फुटले, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्यात बुडाल्या. खबर होती, पण ती घेऊन घरे रिकामी करा असे सांगणारा हुकूम वेळेवर निघाला नाही.

दुसरी तारीख ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून मराठवाडा गाढ झोपला होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या परिसरात धरणी हादरली, आणि दगडमातीच्या जाड भिंतींनी आपल्याच माणसांना गाडले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत हजारो जीव गेले. मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार जागे होते. खिडक्यांची तावदाने थरथरताच त्यांनी कोयनेच्या भूकंपमापन केंद्राला फोन लावला आणि केंद्रबिंदू किल्लारीजवळ आहे हे कळताच सकाळीच तिकडे धाव घेतली, असे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सोसलेल्या कोयनेने असा शेजारधर्म पाळला! येथे खबर लवकर पोचली. पण मदतीला आणि नुसते पाहायला आलेल्यांच्या गर्दीने वाटा अडल्या. कोणती मदत कोठे आणि आधी कोणाला, हे ठरविणारी जागा पूर्वीच सिद्ध असावी लागते, हा किल्लारीचा धडा. त्यानंतर राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांचे आपत्ती आराखडे केले, मंत्रालयात नियंत्रण कक्ष उभारला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली. आणि त्याच वर्षी देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला.

मग त्या कक्षात बसणारा माणूस करतो तरी काय? पाळी घेताना तो आधीची नोंदवही वाचतो. फोन आला की वेळ, गाव, सांगणाराचे नाव, पाणी कोठवर आले, माणसे किती, हे लिहितो. मग कोणाला कळविले, आणि उलट निरोप किती वाजता आला, तेही लिहितो. हा शेवटचा रकाना कोरा राहिला, तर वरचे सारे लेखन व्यर्थ! मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून सोडलेले पाणी आमच्या तालुक्याच्या काठाशी यायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळातच नदीकाठच्या म्हातारीला आणि तिच्या गाईला उंचावर न्यायचे असते.

२२ जुलै २०२३ रोजी आमच्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातील आनंदनगरला पुराने वेढा घातला. वायुदलाची हेलिकॉप्टरे मागविली गेली, राज्य आपत्ती दलाचे जवान पाण्यात उतरले, आणि अडकलेली माणसे सुखरूप बाहेर आली. पानशेतपासून येथवर यायला आपल्याला बासष्ट वर्षे लागली.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाला सारे घर जमते, तेव्हा एक काम अवश्य करा. घरातील प्रत्येक मुलाकडून १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा आकडा पाठ करून घ्या, आणि फोनवर आधी गावाचे नाव सांगायचे, रडायचे मागाहून, हेही शिकवा. कक्षातला माणूस कितीही जागा असला, तरी पहिली खबर आपल्याच अंगणातून जायची असते.