भांड्यावरचं नाव, विमानावरचा नंबर

लग्नात आलेला तांब्या असो की वास्तुशांतीला वाटलेली वाटी, आपण त्यावर नाव घालून घेतो. नाव, गाव, तारीख. पुढं ते भांडं शेजारी गेलं, पंगतीच्या ढिगात मिसळलं, तरी उलटं करून बघितलं की कुणाचं ते कळतं. जुन्या विमानांचे मोडके भाग शोधणारी, ओळखणारी आणि जमवणारी माणसं जगभर आहेत. त्यांचं शास्त्र ऐकलं की मला आपली हीच सवय आठवते. पत्रा सापडला की आधी तो उलटा करून बघायचा. कुठं ना कुठं नंबर घातलेला असतो.

हा काही बायकांचा विषय नव्हे, असं कुणी म्हणेल. पण या गोष्टीत स्वयंपाकघर सुरुवातीपासूनच आहे, बघा.

जुलै १९४०. ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले सुरू झाले होते. विमान उत्पादन खात्याचे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी गृहिणींना आवाहन केलं, की घरातली अ‍ॅल्युमिनियमची भांडी द्या, आम्ही त्यांची लढाऊ विमानं करू. ही भांडी गोळा करायचं काम स्त्रियांच्या स्वयंसेवी संघटनेनं अंगावर घेतलं. तिच्या प्रमुख होत्या लेडी रीडिंग, म्हणजे आपल्याकडं व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड रीडिंग यांच्या पत्नी. बायकांनी पातेली, किटल्या, झाकणं आणून ढीग घातले. आता पातेल्याचा धातू आणि विमानाचा धातू एकच नव्हे. विमानाला लागतं ड्युरॅल्युमिन. अ‍ॅल्युमिनियममध्ये शेकडा चारच्या आसपास तांबं आणि थोडं मॅग्नेशियम, मँगनीज घालून ते करतात. आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शोधलं. त्यामुळं कालची किटली आज तशीच पंखात बसली, असं काही झालं नसणार. पण आपण घरातून काहीतरी दिलं, ही भावना खरी होती.

युद्ध संपलं आणि उलटा प्रवास सुरू झाला. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या किंगमन इथं हजारो विमानं रांगेनं उभी करून भट्टीत वितळवली. लिबरेटर नावाचं चार इंजिनांचं बाँबफेकी विमान युद्धात अठरा हजारांहून जास्त बनलं होतं. काही वर्षांत ते बघायलाही मिळेना.

इथं आपल्या देशाचा संबंध येतो. ब्रिटिशांची लिबरेटर विमानं कानपूरजवळच्या चकेरी तळावर गोळा केली होती. परत कुणी उडवू नयेत म्हणून त्यांची मोडतोड करून ती तशीच टाकून दिली. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाला मोठ्या विमानांची गरज पडली. तेव्हा बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याची माणसं चकेरीला गेली. याचा भाग त्याला, त्याचा याला, असं करत त्यांनी एकेक विमान उडण्यापुरतं उभं केलं. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती विमानं बेंगळुरूपर्यंत उडवत नेली. पुढं पुण्याच्या सहा नंबरच्या स्क्वाड्रननं ती वापरली. १९६८ पर्यंत ती आपल्या सेवेत होती. तोवर परदेशी संग्रहालयं लिबरेटर शोधायला लागली होती. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या तिन्ही देशांतल्या संग्रहालयांत भारतातून गेलेली लिबरेटर आज उभी आहेत. ज्यांनी मोडून टाकली, त्यांनाच आपण जपून परत दिली.

आता नंबरांकडं येऊ. सापडलेला तुकडा कुठल्या विमानाचा, हे कसं ओळखतात? कारखान्यात प्रत्येक भागावर आराखड्याचा क्रमांक ठोकलेला असे. स्पिटफायरच्या पुष्कळ भागांवरचा क्रमांक ३०० नं सुरू होतो, कारण कंपनीच्या वहीत त्या विमानाचा मूळ नमुना ३०० नंबरचा. लिबरेटरच्या भागांवर तसाच ३२ दिसतो. कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यात झालेल्या स्पिटफायरवर सी.बी.ए.एफ. अशी अक्षरं सापडतात. मुकुट आणि त्याखाली ए.एम. असेल तर तो ब्रिटिश हवाई मंत्रालयाचा माल. तपासनिसाचा छोटा गोल शिक्काही असतो. पत्र्याच्या आतल्या बाजूचा रंगही बोलतो. अमेरिकन विमानात गंज लागू नये म्हणून पिवळट हिरवा थर देत, तर स्पिटफायरच्या वैमानिकाच्या खोबणीत राखी हिरवा रंग असे.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे सगळे नंबर आपल्याला विमानाची जात सांगतात. म्हणजे भांडं कुठल्या कारखान्याचं, एवढंच. भांडं कुणाच्या घरचं, हे सांगतात ते वेगळे नंबर: त्या एकाच विमानाचा क्रमांक, इंजिनाच्या पाटीवरचा क्रमांक, मशिनगनवरचा क्रमांक. विमान बेपत्ता झालं की अमेरिकन सैन्य एक अहवाल लिहीत असे. त्यात माणसांच्या नावांबरोबर इंजिनांचे आणि बंदुकांचे क्रमांकही नोंदवायची पद्धत होती. जंगलात सापडलेली एक पाटी त्या कागदाशी जुळली, की त्या विमानात कोण कोण बसलं होतं ते कळतं.

याचं महत्त्व आपल्या ईशान्येकडं सगळ्यात जास्त कळतं. १९४२ ते १९४५ या काळात आसाममधल्या चबुआ, दिनजान, मोहनबारी या तळांवरून चीनमधल्या कुनमिंगला हिमालयाच्या रांगा ओलांडून रसद जायची. वैमानिक या वाटेला ‘हंप’ म्हणत, म्हणजे उंटाचं मदार. साडेसहा लाख टनांच्या आसपास माल त्या वाटेनं गेला, आणि जवळपास सहाशे विमानं गेली. कित्येक अजून डोंगरात पडून आहेत. अरुणाचलच्या गावकऱ्यांना तो पत्रा सापडला, त्यांनी तो घरी आणला आणि त्याची भांडी केली. त्यात काय चुकलं? आपली आजी तरी काय करती? चार दिवसांची वाट तुडवल्याशिवाय मिठाचा खडा दिसत नाही अशा गावात चांगला पत्रा रानात कोण कुजू देईल? शिवाय पुढं हे अवशेष शोधायला लोक आले, तेव्हा वाट दाखवायला हेच गावकरी आणि शिकारी होते.

असंच एक लिबरेटर २५ जानेवारी १९४४ ला कुनमिंगहून चबुआकडं येताना हरवलं. आत आठ जण होते. २००६ मध्ये क्लेटन कूल्स या अमेरिकन गिर्यारोहकाला अरुणाचलच्या डोंगरात त्याचे अवशेष सापडले आणि विमान कुठलं ते ओळखता आलं. पुढं अमेरिकन सरकारच्या पथकानं तिथं शोध घेतला. २०१६ मध्ये दिल्लीहून अवशेष सन्मानानं पाठवण्यात आले, आणि त्यातून लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली. जून २०१७ मध्ये, म्हणजे त्र्याहत्तर वर्षांनी, जॉर्जिया राज्यातल्या त्यांच्या गावी त्यांचा दफनविधी झाला. घरातल्या पुढच्या पिढीनं तो केला. बाकी सात घरांची वाट मात्र तेव्हाही संपलेली नव्हती.

म्हणून मला संग्रह करणाऱ्यांचे दोन भाग दिसतात. मोडीच्या दुकानातून एखादा भाग विकत घेऊन, पुसून, त्याचा नंबर शोधून इतिहास लिहून ठेवणारा माणूस चांगलंच काम करतो. त्याच्यामुळं वितळून जाणारी वस्तू वाचते. पण जिथं विमान पडलं तिथली पाटी स्क्रू काढून खिशात घालणारा माणूस भांड्यावरचं नाव घासून काढतो. पाटी त्याच्या कपाटात सुंदर दिसते, आणि डोंगरातला पत्रा कायमचा बिननावाचा होतो. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार लष्करी विमान पडलेल्या जागेला परवान्याशिवाय हात लावता येत नाही, ते उगाच नाही. फोटो घ्यावा, नंबर उतरवून घ्यावा, जागा लिहून ठेवावी, वस्तू तिथंच ठेवावी.

घरात अशी वस्तू असेल तर आणखी एक सांगते, कारण घर आपण सांभाळतो. त्या काळच्या विमानातल्या घड्याळांच्या आणि मापकांच्या तबकड्या अंधारात चमकाव्यात म्हणून त्यांना रेडियमचा रंग देत. अमेरिकेत १९१७ च्या सुमारापासून हे तबकड्या रंगवायचं काम तरुण मुली करत. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठात धरायला त्यांना शिकवलं होतं. त्यात कित्येकींच्या जबड्याची हाडं कुजली, कित्येक जणी मेल्या. न्यू जर्सीतल्या पाच जणींनी आजारपणातच कंपनीवर दावा लावला आणि १९२८ मध्ये तडजोडीनं भरपाई मिळवली. जुनी तबकडी आता चमकत नाही म्हणून ती निरुपद्रवी झाली असं समजू नका. चमकणारं द्रव्य थकतं, रेडियम थकत नाही; ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. तशी तबकडी उघडू नये, खरवडू नये, मुलांच्या हाती देऊ नये.

आपल्या बेळगावजवळ सांबऱ्याचा विमानतळही १९४२ मधला, ब्रिटिश हवाई दलानं युद्धासाठी बांधलेला. तेव्हा असा काळ आपल्या अंगणापर्यंत येऊन गेला आहे. जुन्या वाड्याच्या माळ्यावर, मोडीवाल्याच्या ढिगात एखादा ओळख न लागणारा पत्रा हाती आला, तर तो वितळायला देण्याआधी उलटा करून बघा. अक्षरं दिसली तर घासू नका, कागदावर उतरवून घ्या.

ईशान्येकडं आता पासीघाटला ‘हंप’चं संग्रहालय झालं आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात ते उघडलं. डोंगरातून आणलेले विमानांचे तुकडे तिथं मांडलेत. कधी मुलाबाळांना घेऊन तिकडं गेलात तर पत्र्याच्या मोठ्या तुकड्यांपुढं फोटो काढाच, पण नंबरही वाचा. त्यातल्या एखाद्या नंबरामागं कुणाच्या तरी घरचं नाव असतं.