फाईल पोहोचली, पण तीच का?

पुण्याच्या मार्केट यार्डात पोती उतरली की तोलणार ती काट्यावर घालतो. पोते पोहोचले एवढ्याने भागत नाही. वजनही भरावे लागते. संगणकांच्या जाळ्यातून फाईल पाठवतानाही हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

ही अडचण जुनीच आहे. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकेत एमआयटीत असताना फाईल पाठवण्याच्या नियमांचा पहिला मसुदा लिहिला. तेव्हा पीडीपी-१० संगणकाचा 'शब्द' ३६ बिटांचा, तर आयबीएम ३६० चा ३२ बिटांचा होता. म्हणून 'मजकूर' आणि 'निव्वळ बिट' हा भेद नियमांतच करावा लागला.

मजकूर पद्धतीत ओळीच्या शेवटाची खूण घेणाऱ्या संगणकाच्या रीतीप्रमाणे बदलते. युनिक्समध्ये ती एका बाइटची, डॉसमध्ये दोन बाइटची. त्यामुळे युनिक्सवरची १०० ओळींची फाईल डॉसवर १०० बाइटने वाढते. मजकूर बिघडत नाही. पण चित्र याच पद्धतीने पाठवले, तर त्यातल्या तशाच बाइटपुढेही भर पडते आणि चित्र उघडत नाही. मग आपण उगाच तारा तपासत बसतो!

डिसेंबर १९८३ मध्ये माईक मूस यांनी 'पिंग' हा प्रोग्राम लिहिला. समोरचा संगणक उत्तर देतो का, हे तो सांगतो. म्हणजे रस्ता खुला आहे. माल पुरा आहे की नाही, ते निराळे.

शाळेत फाईल बिघडली तर मुलांना आधी दोन्हीकडचे बाइट ताडून पाहू द्या. दोष कुठे शोधायचा, हे तो फरकच बऱ्याचदा सांगतो.