एसएच२: फॉस्फेट ओळखणाऱ्या डोमेनची कुळकथा

सुमारे शंभर अमिनो आम्लांचा एक तुकडा माणसाच्या जवळपास ११० प्रथिनांत आढळतो. त्याचं नाव एसएच२. प्रथिनाच्या लांब साखळीतला जो भाग स्वतःची घडी स्वतः घालतो आणि नेमून दिलेलं काम करतो, त्याला डोमेन म्हणतात. एसएच२चं काम म्हणजे, दुसऱ्या प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसलं की ते ओळखायचं आणि तिथे जाऊन चिकटायचं. हे उमगायला वेळ लागला, कारण फॉस्फेट कशासाठी बसतं या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर आधीच हाती आलेलं होतं.

ते उत्तर सिअ‍ॅटलचं. १९५५च्या सुमारास एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स स्नायूंमधलं ग्लायकोजेन फोडणारं विकर तपासत होते. एटीपीकडून आलेलं फॉस्फेट या विकरावर चढलं की ते जोमाने कामाला लागतं आणि उतरलं की थंडावतं, हे त्यांनी दाखवलं. फॉस्फेट चढवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. फॉस्फेटमुळे प्रथिनाची ठेवण बदलते, ठेवण बदलली की काम बदलतं. हा नियम खरा होता. १९९२ साली दोघांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण त्यात गोष्ट एकाच प्रथिनाची होती.

दुसरा धागा कोंबडीच्या गाठीतून निघतो. १९११ मध्ये न्यूयॉर्कला पेटन राऊस यांनी सार्कोमाच्या गाठीचा अर्क गाळून, त्यातल्या पेशी काढून टाकून, निरोगी कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली. त्यामागे विषाणू होता आणि विषाणूतल्या दोषी जनुकाला पुढे सार्क हे नाव मिळालं. १९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या गटाने दाखवलं की हे जनुक मुळात कोंबडीच्या निरोगी पेशीतलंच आहे. त्याचं प्रथिन कायनेज असल्याचं १९७८ मध्ये कळलं. कॅलिफोर्नियाच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर दुसऱ्या एका विषाणूवर काम करत होते. १९७९ मध्ये प्रथिनातली अमिनो आम्लं ठिपक्यांच्या रूपात वेगळी करायला त्यांनी वापरलेलं बफर द्रावण जुनं होतं. त्याचा पीएच १.९ ऐवजी १.७ झाला होता. तेवढ्या फरकाने फॉस्फेट लागलेलं टायरोसिन थ्रिओनिनच्या ठिपक्यापासून सुटून वेगळं दिसलं. तोवर सेरीन आणि थ्रिओनिन एवढीच फॉस्फेटची ठिकाणं मानली जात. सार्कही टायरोसिनवरच फॉस्फेट चढवतं, हे लगेचच सिद्ध झालं.

आता एसएच२चा जन्म. कॅनडात टोनी पॉसन आणि सहकारी कोंबडीच्याच दुसऱ्या एका विषाणूतलं फ्प्स हे कायनेज तपासत होते. प्रत्यक्ष फॉस्फेट चढवणाऱ्या भागाबाहेर बदल केले तरी त्याची कर्करोग घडवण्याची ताकद घटत होती. तो बाहेरचा भाग सार्कमध्येही होता, आबल या आणखी एका कायनेजमध्येही. १९८६ मध्ये त्याचं नाव ठेवलं: सार्कशी साम्य असलेला दुसरा भाग, म्हणजे एसएच२. १९८८ मध्ये हिदेसाबुरो हानाफुसा यांच्या गटाला क्रक हे प्रथिन सापडलं. ते स्वतः कायनेज नव्हतं, तरी त्यात एसएच२ होतं आणि ते असलेल्या पेशींत टायरोसिनवरचं फॉस्फेट वाढत होतं. १९९० मध्ये कोडं सुटलं. वाढीचा संदेश मिळालेले पेशीवरचे ग्राहक (रिसेप्टर) स्वतःच्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतात आणि एसएच२ असलेली प्रथिनं नेमकी त्या जागी येऊन चिकटतात. फॉस्फेट प्रथिनांची भेटही घडवत होतं.

१९९२ मध्ये जॉन कुरियन यांच्या गटाने सार्कच्या एसएच२ची रचना टिपली. ऋण भाराचं फॉस्फेट एका खोल खाचेत शिरतं आणि तळाशी आर्जिनिन हे धन भाराचं अमिनो आम्ल त्याला धरतं. सेरीनची बाजूसाखळी आखूड असल्याने तिचं फॉस्फेट तळाशी पोचत नाही. टायरोसिननंतरची दोन-तीन अमिनो आम्लंही एसएच२ पारखून घेतं, त्यामुळे प्रत्येकाची पसंती वेगळी. म्हणून एकाच ग्राहकावरच्या निरनिराळ्या टायरोसिनांवर निरनिराळी प्रथिनं जमतात. ग्रब२ असं तिथे चिकटतं आणि आपल्या दुसऱ्या डोमेनांनी सॉस या प्रथिनाला आणतं. सॉस पुढे रास या प्रथिनाला जागं करतं आणि पेशीला वाढीचा निरोप पोचतो.

राऊस यांच्या गाठीचा उलगडाही यातच आहे. निरोगी सार्कच्या शेपटीजवळ एक टायरोसिन असतं. त्यावर फॉस्फेट चढलं की सार्कचंच एसएच२ त्याला पकडतं, प्रथिन स्वतःत मिटतं आणि गप्प राहतं. विषाणूच्या सार्कमध्ये ती शेपटी नाही. एसएच२ शाबूत आहे, पण पकडायला काही नाही, म्हणून कायनेज सतत चालू राहतं. फिशर-क्रेब्स यांच्या प्रथिनात फॉस्फेटने काम सुरू होतं. इथे त्याच फॉस्फेटने काम थांबतं. अर्थ एकट्या फॉस्फेटमध्ये नाही, तो ओळखणाऱ्या डोमेनमध्येही आहे.

या घराण्याचं मूळ प्राण्यांहून जुनं आहे. बेकरीच्या यीस्टमध्ये टायरोसिनवरच काम करणारी ग्राहक-कायनेजं नाहीत, तरी एसएच२ असलेलं एक प्रथिन, एसपीटी६, आहे. प्राण्यांचे जवळचे एकपेशीय नातलग कोॲनोफ्लॅजेलेट यांच्यात टायरोसिन कायनेजं आणि एसएच२ दोन्ही मुबलक आहेत. पुढे हेच डोमेन वेगवेगळ्या प्रथिनांना जोडलं जात गेलं. नवा संदेशमार्ग उभारायला निसर्गाला दरवेळी नवं प्रथिन घडवावं लागलं नाही. फॉस्फेट ओळखणारं जुनं डोमेन नव्या साखळीत बसवणं पुरलं. म्हणूनच कोणतं कायनेज कोणावर फॉस्फेट चढवतं याची यादी अर्धीच राहते. तिच्याशेजारी ते फॉस्फेट कोण ओळखतं ही यादी मांडली, तरच पेशीचा निर्णय समजतो.