बोलपटाचा आवाज आणि प्रकाशाच्या पुड्या

लातूरमध्ये बारावीच्या काही विद्यार्थ्यांना मी एकदा विचारले, "प्रकाश प्रखर केला, तर धातूतून सुटणारे इलेक्ट्रॉन अधिक वेगाने पळतील का?" बहुतेकांनी 'हो' म्हटले. सूत्र मात्र सर्वांना पाठ होते! त्यांची ही चूक स्वाभाविक आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांचीही हीच अपेक्षा होती.

१८८७ साली हर्ट्‌झ यांना दिसले की, अतिनील किरण पडले की विद्युत ठिणगी सहज उडते. १८८८ मध्ये हालवाक्स यांनी दाखवले की, या किरणांमुळे जस्ताच्या पत्र्यावरील ऋण विद्युतभार निघून जातो. १९०२ मध्ये लेनार्ड यांनी प्रकाशाची तीव्रता बदलून पाहिली. इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली; पण त्यांची कमाल ऊर्जा तीच राहिली. प्रकाश ही केवळ लाट असेल, तर मोठ्या लाटेचा धक्काही मोठा हवा. तसे होत नव्हते.

१९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी उलगडा केला. प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुड्यांनी येते आणि पुडीतली ऊर्जा वारंवारतेवर ठरते. एक पुडी एका इलेक्ट्रॉनला मिळते. धातूतून सुटण्याचा खर्च वजा जाता उरते ती त्याची कमाल गतिज ऊर्जा. आडतीत पोती जास्त आली म्हणून एका पोत्याचे वजन वाढत नाही, तसेच हे! मिलिकन यांना ही कल्पना पटली नव्हती. पण १९१६ पर्यंत त्यांच्याच मोजमापांनी आइन्स्टाइन यांचे समीकरण खरे ठरवले. आइन्स्टाइन यांचे १९२१ चे नोबेल पारितोषिक याच नियमासाठी होते.

हे ज्ञान आपल्याकडे थेट करमणुकीच्या वाटेने आले. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट झळकला. बोलपटाच्या फितीवर चित्रांशेजारी ध्वनीची एक अरुंद पट्टी असे. दिव्याचा प्रकाश तिच्यातून कमी-अधिक प्रमाणात पार होऊन प्रकाशविद्युत घटावर पडे. पुड्यांची संख्या बदलली की इलेक्ट्रॉनांची संख्या, म्हणजेच विद्युतप्रवाह बदले. तोच वर्धित होऊन ध्वनिक्षेपकातून गाणे ऐकू येई.

येथे जस्त चालले नसते. त्यातून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. तांबड्या प्रकाशाच्या पुडीत दोनहूनही कमी असतात, मग दिवा कितीही मोठा लावा! म्हणून या घटांत सीझियमयुक्त थर वापरत.

आता चित्रपटगृहांत डिजिटल यंत्रे आली आहेत. तरी वर्गात हा प्रश्न अवश्य विचारावा: गाण्याचा स्वर चढला, तेव्हा घटावरील प्रकाशाचे काय बदलले? त्याची वारंवारता नव्हे. त्याची तीव्रता अधिक जलद कमी-जास्त होऊ लागली. हा भेद ज्याला सांगता आला, त्याला सूत्र समजले.