ऐपतीच्या मर्यादेत

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात खालाला घेऊन कापडबाजारात गेलो होतो. लकव्यानंतर ती व्हीलचेअरवर असते. दुकानाला तीन पायऱ्या. दुकानदार भला माणूस. त्याने पोराच्या हातून चार-पाच तागे बाहेर पाठवले. खालाने त्यातलाच एक पसंत केला. घरी आल्यावर म्हणाली, "आत अजून रंग असतील ना रे?" असतील, म्हणालो.

त्या रात्री जावेद आबिदी आठवले. आपल्या समाजातील कर्तबगार माणसांची यादी आपण भाषणांत वाचतो, तिच्यात हे नाव क्वचितच येतं. १९६५ साली अलीगढला जन्म, मणक्याचा जन्मजात दोष, पुढे कायमची व्हीलचेअर. शिक्षण अमेरिकेत, ओहायोमधील राइट स्टेट विद्यापीठात. तिथल्या इमारती भुयारी मार्गांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. व्हीलचेअरवरचा विद्यार्थी कोणाची मिनतवारी न करता वर्गात पोहोचतो. आबिदी मायदेशी परतले तेव्हा आपल्याकडे अपंगांच्या समान संधीचा कायदाच नव्हता.

डिसेंबर १९९५ मध्ये अपंगांनी दिल्लीत निदर्शने केली. आबिदी पुढे होते. त्याच महिन्यात संसदेने कायदा मंजूर केला. त्यात सार्वजनिक इमारतींना रॅम्प करायला सांगितलं होतं, पण त्याआधी काही शब्द पेरले होते: आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत. म्हणजे ऐपत असेल तर करा. मी भाषा शिकवतो, त्यामुळे असे शब्द लगेच टोचतात. शिवाय रॅम्पची ही जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांवर होती. गल्लीतलं कापडाचं दुकान तिच्यात नव्हतंच.

आबिदींनी याच शब्दांशी झुंज घेतली. विमानतळांवर आणि विमानांत अपंगांना सोयी मिळाव्यात म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. इंडियन एअरलाइन्स अंधांना भाड्यात सवलत देत होती, पण चालता न येणाऱ्यांना नाही. कंपनीने आर्थिक अडचण पुढे केली. डिसेंबर १९९८ च्या निकालात न्यायालयाने ती अडचण नाकारली नाही, पण कायद्याचा हेतूही सोडला नाही. हालचालीचं अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्यांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा आबिदींच्या पाठपुराव्याने कुतुबमिनारसारख्या वास्तूंवर लाकडी रॅम्प लागले. पाहुणा जगप्रसिद्ध असला की ऐपत निघते, हा आपला जुना अनुभव.

दुकानदाराचा उंबरठा कायद्यात आला तो २०१६ मध्ये. दिव्यांग हक्क अधिनियमाने सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत खासगी इमारतीही घेतल्या, व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्याही. नियम निघाल्यापासून पाच वर्षांत जुन्या इमारती सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड. पुढे राजीव रतुरी प्रकरणात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. केंद्राने तीन महिन्यांत सक्तीचे निकष करावेत. हा निकाल ऐकायला आबिदी नव्हते. २०१८ मध्ये ते गेले.

दुकानदारांची बाजू खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या बाजारातली दुकानं उंच जोत्यावर आहेत, कारण पावसाचं आणि गटाराचं पाणी आत शिरायचं. ईदनंतर मी टेप घेऊन त्या दुकानात गेलो. तीन पायऱ्या, एकूण अठरा इंच. व्हीलचेअरच्या रॅम्पला एक फूट चढासाठी बारा फूट लांबी धरतात, म्हणजे इथे अठरा फूट हव्यात. समोरची गल्लीच तेवढी रुंद नाही. मोटारसायकल चढवायला काही दुकानांपुढे सिमेंटची घसरगुंडी असते, तिच्यावरून खुर्ची नेली तर माणूस मागे उलटेल.

मग आम्ही बाजूची भिंत मोजली. जिथे पुतळ्यांना शेरवान्या घालून उभं करतात, तिथून रॅम्प भिंतीला लागून सरळ नेता येतो. एकवीस फूट भरले. दुकानदार म्हणाला, "सर, पुतळे कुठे ठेवू?" मी म्हणालो, पायऱ्यांवर ठेवा. तो हसला, आणि गवंड्याला फोन लावला. अजून काम सुरू झालेलं नाही. बकरीदला खालाला घेऊन पुन्हा जायचं आहे.