रंकाळा
कोल्हापूर शहराच्या पश्चिमेस असलेला विस्तीर्ण तलाव. परंपरेनुसार येथे काळ्या दगडाची जुनी खाण होती; महालक्ष्मी मंदिराचा दगड तिथलाच, असे मानतात. आठव्या-नवव्या शतकातील भूकंपाने जमीन खचली, झरे फुटले आणि खाण पाण्याने भरली, अशी आख्यायिका आहे. तलावाचे नाव रंकभैरव या देवतेवरून पडले. काठावरील नंदी रोज गव्हाएवढा पुढे आणि तांदळाएवढा मागे सरकतो, अशी लोकश्रद्धा आहे. पाणी उतरले की तलावातील संध्यामठ ही वास्तू उघडी पडते. पश्चिम काठावरील शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला. मंगळवार पेठेसारख्या जुन्या पेठांतील लोक सायंकाळी फिरायला येतात. चौपाटीवरची भेळ आणि मावळतीचे रंग यांसाठी पाहुण्यांनीही हीच वेळ साधावी.